अकोल्यात पाहिलेली अणूची पाणबुडी

१९६१ साल. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. शिकलो दुसरीपर्यंत, पण हट्टात मला कोणी हरवलेलं नाही.

माझी सुमन भातकुलीला आठवीत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, आता अशी पाणबुडी निघाली की महिना महिना वर येतच नाही, अणूच्या उष्णतेवर चालते. माझा थोरला भाऊ जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) बॉयलरची आग सांभाळायचा. तो खवळला.

"हवेबिगर आग जळते काय? खोटं शिकवून रायले पोरीले. काढ तिले शाळेतून!"

घरात त्याचाच शब्द चाले. मी म्हणालो, "भाऊ, अकोल्याले विज्ञानाचं प्रदर्शन लागलं. तिघं जाऊन पाहू. खोटं निघालं त शाळा बंद."

पहाटे दमणी (बैलांची हलकी गाडी) जुंपून बडनेरा गाठलं. रेल्वेत चढताना ठेच्याचं फडकं सुटलं ते नेमकं भाऊच्या पांढऱ्या धोतरावर. मूर्तिजापूरपर्यंत तो ते धोतरच चोळत बसला. बाहेर पऱ्हाट्या (कपाशीची वाळली झाडं) उपटलेली काळी रानं. आम्ही कांद्यासंगं कोरडी भाकर खाल्ली.

प्रदर्शन जठारपेठेत होतं. मांडवात शिरताच पत्र्याची पाणबुडी. तिथले मास्तर म्हणाले, "ही तेलावरची. हवेसाठी हिला वर यावंच लागतं."

"ऐकलं, गणपत? चाल घरी," भाऊ मला म्हणाला. सुमनचे डोळे भरले.

मी खालीच बसलो. "आखा मांडव पाहिल्याबिगर मी उठत नाही."

शेवटच्या टेबलावर एक काळी, माशासारखी पाणबुडी होती. आतलं दिसावं म्हणून एका बाजूनं कापलेली. सुमन पळतच गेली, पाटी वाचली आणि ओरडली, "बाबा, हेच ते!"

भाऊनं मास्तरांना गाठलं. "धूर कुठून जाते?"

"धूर नाहीच," मास्तर म्हणाले.

"राख?"

"राखही नाही. अणू फुटतो, त्या उष्णतेनं वाफ होते, वाफेवर पंखा फिरतो."

"आन आतली मानसं?"

"त्यांची हवा पाण्यातूनच काढतात. शत्रूच्या पाणबुडीचा पाण्याखालूनच पाठलाग करायचा, हेच हिचं काम."

भाऊ बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "वाफ त आपलीच हाय." आणि पुतणीकडं वळला. "सुमे, सांग पुन्हा. सावकाश सांग."

ती सांगू लागली. माणसं गोळा झाली. माझी छाती त्या मांडवात मावेना.

परतताना भाऊ डब्यातल्या अनोळखी लोकांना पाणबुडी समजावत होता, जणू तिची आग हाच पेटवून आला! समुद्र मी कधी पाहिला नाही, आजही नाही. पण त्याच्या तळाशी जे चाललं होतं, ते माझ्या पोरीनं भातकुलीत बसून समजून घेतलं. माझ्यासारख्याला याहून मोठा प्रवास कोणता?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनच्या हातातली गुंडी (पाण्याचं भांडं) मी घेतली आणि विहिरीवर गेलो. बाया तोंडाला पदर लावून हासल्या.

"हासा!" मी म्हणालो. "माह्या पोरीले शाळेची घाई हाय."