टाचेतली राळ

बोईसर स्टेशनबाहेर एक म्हातारी कोळीण रोज सुकट विकायला बसायची. तारापूरच्या किनाऱ्यावरून टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी चालत यायची. तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे कारकून होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. आपण सांगितलं की लोक ऐकतात, अशी सवयच झाली होती.

टोपली उतरवली की ती चहावाल्याच्या चुलीवर राळ वितळवायची. होडीच्या फटी बुजवतात, तीच राळ. टाचेच्या भेगांत भरताना चटका बसला की ओठ दुमडून फुंकर मारायची.

"आजी, मऊ कॅनव्हासचे बूट घाला की," मी म्हणायचो.

"बूट घातलेली कोलीन बगितलीस कदी? लोका सुकट सोडून माजं पायच बगतील!"

एका सकाळी तिनं कढत राळ सरळ भेगेत ओतली आणि फुंकर मारलीच नाही. तळव्यात काच रुतली होती, तिचाही तिला पत्ता नव्हता.

"आजी, आजच दवाखान्यात चला. नाहीतर पाय जाईल."

ती हसली. "दुखत व्हता तवा कोनी नाय इचारला. आता दुखायचा थांबला, तं दवाखाना कशाला?"

पावसाळा सरल्यावर त्या जागेवर तिची सून दिसली. मी आजींची चौकशी केली.

"घरात हाय. पाय कापला तिचा," ती म्हणाली आणि स्वतःच्या टाचेत राळ भरू लागली.

चटका बसला तशी तिनं फुंकर मारली. तेवढंच मला बरं वाटलं.