गॅरेजमधला ओटा

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं वर्ष लागलं होतं. त्या वर्षी मी आमच्या गॅरेजमध्ये स्वयंपाकाचा ओटा बांधला.

गॅरेज म्हणजे नावाला गॅरेज. गाडी त्यात कधी उभी राहिली नाही. देवळाली कॅम्पाच्या रस्त्याला आमचं घर आहे. वर आम्ही राहतो आणि खाली माझं लेथ मशीन, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका वर्कशॉपात निम्मं आयुष्य काढलं आणि मग स्वतःचं मशीन घेतलं. शाळा म्हणाल तर तिसरी. पण हे घर या मशीनवर उभं राहिलं, दुसऱ्या कशावर नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

ओटा बांधायचं कारण माझी बायको. तिला विसर पडायला लागला होता. आधी वस्तू विसरायची, मग माणसांची नावं, मग आपण जेवलो की नाही तेही. एके दिवशी तिनं दूध तापत ठेवलं आणि गच्चीवर वाळवण बघायला गेली. गच्चीवर वाळवण नव्हतंच. खाली पातेलं जळून काळं झालं आणि शेजारच्या फडक्यानं पेट घेतला. सूनबाई नेमकी तेव्हा कामावरून आली म्हणून भिंतीच्या टाइल्स काळ्या पडण्यावर भागलं.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई बाहेर जाताना शेगडीची बटणं काढून पर्समध्ये घालून न्यायला लागली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. ती शाळेत शिकवते, मुलगा कंपनीत, दिवसभर घरात आम्ही दोघं म्हातारी. दुपारचं जेवण ती सकाळीच करून झाकून जायची. पण माझी बायको ओट्यासमोर उभी राहायची आणि बटणाच्या जागी उरलेल्या दांड्या चिमटीत धरून फिरवू बघायची. बोटं घसरायची. मग हात पदराला पुसून बाजूला व्हायची. असं बरेच दिवस चाललं. नंतर ती स्वयंपाकघरात जायचीच बंद झाली. आणि जेवायचीही.

"जेव गं," म्हटलं की म्हणायची, "मी काय काम केलंय जेवायला?"

नांदगावकडची बाई. परकरात होती तेव्हापासून आधी रांधायचं, मग वाढायचं, मग स्वतः खायचं. त्यातलं पहिलं आणि दुसरं आम्ही काढून घेतलं. तिसरं तिनं आपणहून सोडलं. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. डॉक्टरांनी दुधात घालून प्यायची पावडर दिली, ती कप खिडकीत ठेवून विसरून जायची. ही बाई विसरण्यानं नाही, उपासानं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, हिला चूल द्यायची. पण माझ्या डोळ्यांसमोर.

मुलाला सांगितलं तर त्याचं जेवण थांबलं. "नाना, गॅरेजमध्ये गॅस? तुम्ही तिथं वेल्डिंग करता."

"वेल्डिंग मी करतो. तू कशाला घाबरतो?"

"तिथं थिनर आहे, डिझेल आहे."

"ते बाहेर जाईल. सिलेंडरही बाहेर, भिंतीला जाळी करून. आत फक्त नळी येईल. कॉक माझ्या मशीनपाशी. मी उघडला तर शेगडी पेटणार, मी बंद केला की तिनं काही केलं तरी पेटणार नाही."

"आणि तुम्ही मधेच उठून गेलात तर?"

"तर बंद करून जाईन. आजवर मशीन चालू ठेवून उठलोय का कधी?"

सूनबाईनं हातातला घास खाली ठेवला. ती ताटाकडे बघत म्हणाली, "नाना, लोक काय म्हणतील ते मला ऐकावं लागेल, तुम्हाला नाही."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. कडप्पाची फरशी रिक्षातून उतरवत होतो तेव्हा लागला. शेजारी फाटकाला टेकून म्हणाला, "काय नाना, चूल वेगळी मांडली का? एकाच घरात?" मी म्हणालो, "तुला आमंत्रण देतो, थांब." पण संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की म्हाताऱ्याचं आणि सुनेचं फाटलं. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "एकदा जरी काही झालं ना नाना, तर मी ते सगळं काढून टाकणार. मग तुमचं ऐकणार नाही."

मी मान हलवली. तेवढा हक्क त्याचा होता.

ओटा मी बुटका केला. तिला उभ्यानं भाकरी थापायला कधीच आवडलं नव्हतं. अँगलची चौकट वेल्ड केली, कोपरे घासून गुळगुळीत केले, वर कडप्पा बसवला. स्टुलावर बसून हात पोचेल अशी उंची धरली. पाण्याला नळाची टाकी, खाली माझी हात धुवायची मोरी होतीच. लेथचा चुरा पिठात जाऊ नये म्हणून मधे ताडपत्रीचा पडदा टांगला, तोही असा की बसल्या जागेवरून मला तिचे हात दिसावेत. माळ्यावरून तिची जुनी लाकडी काठवट काढली, लोखंडी तवा काढला. तव्यावर गंज चढला होता, तो घासून तेल लावून ठेवला. भिंतीला फळी मारली आणि मीठ, तिखट, हळद, बेसन, बाजरीचं पीठ असं झाकण न लागणाऱ्या उघड्या डब्यांत मांडलं, म्हणजे शोधावं लागायला नको.

सगळं झाल्यावर तिला हात धरून खाली आणली. स्टुलावर बसवली. तिनं ओट्यावरून हात फिरवला.

"छान आहे," म्हणाली. "कुणाचं घर आहे हे?"

"आपलं. भाकर टाक."

"सूनबाई टाकील की."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती स्टुलावर बसून राहायची, मी मशीनवर. शेगडी कोरी. मी समजावलं, मग मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. ती उठली आणि शटरकडं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. त्या दिवशी तिनं पाणी सोडून काही घेतलं नाही.

रात्री मुलगा जवळ येऊन बसला. या वेळी तो भांडला नाही, आणि तेच मला जड गेलं. "राहू द्या नाना," म्हणाला. "तुम्ही करून पाहिलं. रविवारी आपण दोघं मिळून काढून टाकू. डॉक्टर म्हणतात, नळी घालून अन्न द्यायची वेळ येऊ शकते. तयारी ठेवा."

मी खाली जाऊन कॉक घट्ट बंद आहे का ते बघून आलो. 

शनिवारी दुपारी माझ्याकडं एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट होता. खाकी शर्ट, डोक्याला फडकं, डोळ्यांवर ग्राइंडरचा चष्मा. हात कोपरापर्यंत काळे. ती तिच्या स्टुलावर होती. मी मशीन बंद केलं आणि चष्मा वर केला, तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "जेवलात का?"

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"नाय," मी म्हणालो.

"डबा नाय आणला?"

"नाय."

"का? बायको देत नाय?"

"देत होती," मी म्हणालो. "आता तिला बरं नसतं."

"काय होतं तिला?"

"विसरती."

तिनं जिभेनं चक् केलं. "तिच्यावर ओरडू नका हां. आमचे मालक लय तापट. तुमच्यावर पण ओरडतील, मनावर घेऊ नका. मजुरी आधी ठरवून घ्या, नंतर घासाघीस करतात." एवढं बोलून ती उठली आणि काठवट पुढं ओढली. "पण कामाला आलेला माणूस या घरातून उपाशी जात नाय. बसा."

मी बसलो नाही. मी गपचूप कॉक उघडला आणि काडी ओढून शेगडी पेटवून दिली. "राहू द्या, मी करते," ती म्हणाली, "तुम्ही हात धुवा." मी हात धुतले. लेथ बंद ठेवलं.

तिनं पीठ घेतलं, पाणी घातलं. माप विचारलं नाही, शोधाशोध केली नाही. तळहातानं पीठ मळताना तिचे खांदे पूर्वीसारखे हलत होते. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली, मग तवा बाजूला करून जाळावर धरली, आणि ती टम्म फुगली. दुसऱ्या शेगडीवर पिठलं टाकलं. मीठ दोनदा घातलं, ते मी बघितलं आणि बोललो नाही.

ताट करून तिनं माझ्यापुढं ठेवलं आणि दोन पावलं मागं जाऊन उभी राहिली. पदराचं टोक दातात. लग्नानंतरचे पहिले काही महिने सोडले तर ती माझ्यापुढं अशी कधी उभी राहिली नव्हती. मी भाकरीकडंच बघून जेवलो. पिठलं खारट होतं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"तुम्ही पण जेवा बाई," मी म्हणालो.

"मालक आल्याशिवाय मी जेवत नाय."

"कुठं गेलेत?"

"द्वारकेला. बेअरिंग आणायला. त्यांचा काय नेम."

मी ताट बाजूला सारलं. तिनं चार भाकरी केल्या होत्या, पिठलं गरम होतं, आणि ती माझी वाट बघत होती. मी उठलो, कॉक घट्ट बंद केला. "येतो बाई," म्हणालो. वर जाऊन साबणानं हात, तोंड, मान घासली. पांढरा सदरा घातला, टोपी घातली. मागच्या जिन्यानं उतरून घराला वळसा घातला आणि फाटक वाजवून पुढून आत आलो.

"किती उशीर," ती म्हणाली. पदर खांद्यावर आला होता. "मिस्त्रीला वाढलं मी. रागावू नका."

"नाय रागावत. कसा आहे माणूस?"

"गरीब आहे. खाली मान घालून जेवतो. बायको आजारी आहे त्याची. त्याची मजुरी कापू नका."

"नाय कापत."

"नेहमी असंच म्हणता," ती म्हणाली आणि दोन ताटं केली. माझं पोट भरलेलं होतं, तरी मी परत जेवलो. ती अख्खी भाकरी जेवली आणि अर्धी वरून घेतली. ताटाला लागलेलं पिठलं बोटानं पुसून खाल्लं. किती महिन्यांनी ते तिचं तिला कळलं नाही, मला कळलं.

संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई आली तेव्हा मी झालं ते सांगितलं. सूनबाईनं खाली जाऊन तवा बघितला, उरलेली भाकरी मोडून बघितली. मुलगा डोकं धरून बसला.

"म्हणजे आता रोज सोंग करणार तुम्ही? आईला फसवणार?"

"मी मिस्त्रीच हाय," मी म्हणालो. "यात खोटं काय आहे?"

"नाना, चेष्टा नाही. एक दिवस ती तुम्हाला मिस्त्रीच समजेल. तुम्ही सदरा घालून आलात तरी. मग काय कराल?"

हे माझ्या मनात दुपारीच येऊन गेलं होतं, दुसऱ्यांदा जेवताना. ती तिच्या मालकाची रोज वाट बघील, आणि एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला तरी तिला ओळखू येणार नाही. मुलाला मात्र मी हे सांगितलं नाही.

"तर मिस्त्री म्हणून राहीन," मी म्हणालो. "मिस्त्रीला ती वाढते. मालकाला म्हणते, सूनबाई वाढील."

रविवारी ओटा काढू असं मुलगा म्हणाला होता, त्याचा विषय त्यानं काढला नाही. सूनबाई दारात उभी होती. तिनं विचारलं, "नाना, उद्या दुपारचं मी करू, का नको?"

"नको," मी म्हणालो. "बाजरीचं पीठ तेवढं आणून ठेव. संपत आलंय."

सकाळी चहा झाल्यावर मी खाकी शर्ट घातला, डोक्याला फडकं बांधलं. सूनबाईनं तिला हात धरून खाली नेलं आणि स्टुलावर बसवलं. मी पुढच्या दारानं बाहेर पडलो, फाटकातून रस्त्याला लागलो, कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून परत फिरलो. शेजारी झाडांना पाणी घालत होता. "काय नाना, काय विसरलात?" त्यानं विचारलं. मी त्याला नुसता हात केला. शटरपाशी आलो, चपला बाहेर काढल्या, आणि म्हणालो, "बाई, कामाला आलोय."