लिटरला साठ

आमची गाडी लिटरला साठ किलोमीटर धावते, असं माझ्या सासूबाई आजही मानतात.

त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. सगळा दोष माझा. यातली अर्धी गोष्ट हायवेवरच्या एका पेट्रोलपंपावर चारचौघांसमोर बाहेर पडली. उरलेली अर्धी अजून पोटात आहे, ती आज सांगून टाकतो. मी मुळात कमी बोलणारा माणूस. (इतका कमी, की लग्नानंतर बरीच वर्षं सासरच्या मंडळींना मी मुका नसल्याची खात्री नव्हती.)

मी भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. राहतो नवघरला, चौथ्या मजल्यावर. आमच्या घरापासून कारखान्यापर्यंत लागणारा सगळ्यात मोठा चढ म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर. अशा माणसाने पन्नाशीच्या तोंडावर फोर व्हील ड्राइव्ह गाडी का घ्यावी? मलाही माहीत नाही. एका ओळखीच्याकडे सेकंडहँड उभी होती. उंच, चौकोनी, पुढे जाडजूड बंपर. मी तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कुणीतरी आहोत!

पूजा सासूबाईंनी केली. माझी सासुरवाडी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिथे होडी असो वा स्कूटर, पूजेवाचून हलत नाही. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली आणि सासूबाईंनी हुकूम सोडला, "जावयबापू, चारी लिंबं एका दमात फुटली पायजेत. एक जरी रायलं तर गाडी नाराज व्हते!"

आता ही जबाबदारी मी भलतीच मनावर घेतली. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. चारही चाकांना जोर हवा असेल तेव्हा तो ओढायचा, असं गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं. म्हटलं, चारही लिंबांना सारखा जोर मिळायलाच हवा. दांडा ओढला, गाडी पुढे घेतली, लिंबं फचाफच फुटली. सासूबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली. मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या छोट्या दांड्यावर आपली पर्स अडकवली. ती पर्स पुढे कायमची तिथेच लटकू लागली.

पहिल्याच महिन्यात मला कळलं, की गाडी लिटरला आठ देते.

आठ! आणि वळणावर कण्हायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये यू-टर्न घेताना तर अशी धक्के देत कुरकुरायची, की वॉचमन उठून उभा राहायचा. "ताकद आहे, ताकद!" मी त्याला सांगायचो. डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा सदैव पेटलेला असायचा, तो बघून मला धीर यायचा. म्हटलं, हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

पण सासुरवाडीत मेव्हण्याने, हरेशने, चारचौघांत विचारलं, "भावोजी, काय देते?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पंधरा."

का निघालं? कारण त्या घरात इतक्या वर्षांत मला कुणी "भाकरी घेता का आनखी?" यापलीकडे काही विचारलंच नव्हतं! पंधरा म्हणताच चार माना वळल्या. मग मी सुटलोच. नुसता ॲव्हरेज बघायचा नसतो, किलोमीटरमागे खर्च धरायचा असतो. टायर धरा, सर्व्हिसिंग धरा, इन्शुरन्स धरा. शोरूममधला नवा पिकअप, वेसाव्याच्या आतेभावाची गाडी आणि आमची, अशी तिन्हींची मी तोंडी तुलना केली. आमची पहिली आली. (परीक्षक मीच होतो.) हळदी, साखरपुडे, बारशी, कुठेही गेलो तरी माणसं खुर्ची ओढून माझ्याजवळ बसू लागली. मनीषा लांबून बघायची आणि काही बोलायची नाही. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

मग एक दिवस हरेश घरी आला. बसलासुद्धा नाही.

"भावोजी, ठरलं. तुमच्यासारखीच घेतो. मासली आनायला टेम्पो वालूत रुततो, मंग मान्सं लावा, टोपल्या उचला. तुमची गाडी डायरेक पान्याच्या कडेला, होरीपाशी जाईल. टेम्पोला गिऱ्हाईक हाय. वर पैसं लागले तर बायकोच्या पाटल्या मोडू."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या टेम्पोवर त्यांचं घर चालतं. बर्फ त्यातूनच येतो, मासळी त्यातूनच बाजारात जाते. आणि आठ देणाऱ्या गाडीने रोज बाजार गाठायचा म्हणजे डिझेल मासळीच खाणार.

"अरे, टायर फार महाग असतात हं," मी म्हटलं.

"तुम्हीच बोललेले, टायर धरूनच परवडते."

"पिकअप बघ ना एखादा..."

"तुम्हीच बोललेले, पिकअप तिसरा."

माझ्याच व्याख्यानाने माझी सगळी दारं लावून टाकली होती! त्यातून हरेश म्हणाला, "तुमच्यावर इस्वास हाय. पन हिचं मन न्हाय मानत, पाटल्या हायत ना. रविवारी टाकी फुल करू, चालीस किलोमीटर फिरू, त्याच पंपावर परत फुल करू. किती जातं ते बघू. आये पन येते बोलते फिरायला."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी काय केलं? कारखान्यातून एक स्टीलची, झाकणाची, साडेचार लिटरची किटली विकत आणली आणि तिच्यात डिझेल भरून आणलं! हिशेब सोपा होता. चाळीस किलोमीटरला आमची गाडी पाच लिटर पिणार. वाटेत गुपचूप अडीच लिटर ओतले की आकडा पंधराच्या आसपास. पण स्टोअरकीपरची सवय, थोडं जास्त असू द्यावं, म्हणून किटली काठोकाठ भरली.

रविवारी काशीगावच्या पुढच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. ठाण्याच्या अंगाला जाऊन परत फिरलो आणि घोडबंदरला थांबलो. "किल्ला बघून या ना," मी मनीषाला आणि हरेशला म्हटलं, "मी गाडीपाशी थांबतो." दोघं वर गेली. मी मागचं दार उघडलं, गोणपाट बाजूला केलं आणि किटली उचलली.

"काय हाय त्याच्यान?"

सासूबाई! गुडघ्यांमुळे त्या उतरल्याच नव्हत्या. मागच्या सीटवरून मान वळवून बघत होत्या.

"स... सोलकढी," मी म्हटलं. (का? स्टीलच्या किटलीत दुसरं काय असतं, हे त्या क्षणी आठवेना.)

"अगो बाय! मंग दे की वाटीभर. सर्दीनं तोंडाला चव न्हाय."

"ही... ही प्यायची नाही. नवसाची आहे."

"कुनाचा नवस?"

"गाडीचा."

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मी टाकीचं झाकण उघडलं, नरसाळं लावलं आणि ओतायला लागलो. अर्ध्या किटलीवर थांबायचं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "नवसाचं अर्दं ठेवू नका, जावयबापू!" तेवढ्यात वरून हरेशची हाक आली, "भावोजीऽ, काय करताव?" माझा हात जो हलला, तो थोडं पँटवर सांडून बाकी सगळी किटली टाकीत रिकामी करूनच थांबला.

पंपावर परत आलो. नोझल आत गेलं. खट्. बंद.

"हो गया, साब. फुल है."

"कितना गया?" हरेशने विचारलं.

"पौना लीटर भी नहीं."

हरेशने मोबाइलवर भागाकार केला. पुन्हा केला. मग मोबाइल पंपवाल्याला दाखवला.

"साठ!" हरेश ओरडला. "भावोजी, साठ!"

"साब, ये गाड़ी है कि स्कूटर?" पंपवाला बॉनेटखाली वाकून बघायला लागला. शेजारच्या रिक्षावाल्याने गाडी कुठून घेतली ते विचारलं. मागच्या सीटवर सासूबाई शांतपणे हसत होत्या. त्यांना कारण माहीत होतं.

"पंधरा बोललाव! किती साधा मानूस हाय आमचा भावोजी," हरेशचे डोळे भरून आले होते. "साठची गाडी घेऊन पंधरा सांगतो. येवरा मोठेपना!" आणि त्याने फोन लावला. "हां, टेम्पो तुझा. पैसं घेऊन आत्ताच ये. सांजच्याला मी पाटल्या पन घेऊन जातो सोनाराकडं..."

आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "टेम्पो विकायचा नाहीये!" मी त्या गिऱ्हाइकाला सांगितलं आणि फोन बंद केला.

मग मी बोललो. आठ. पंधरा खोटं, साठ तर महाखोटं. वाटेत डिझेल ओतलं. मला कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून थापा मारत गेलो. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तरी मी बोलतच होतो. इतकं सलग मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.

मग मनीषा म्हणाली, "आठ देते ते मला केव्हाच माहीत आहे. भाजी आणतो सांगून पंपावर जायचात ना? भाजी कधी यायची? आणि आज पँटला येतोय तो वास काय अत्तराचा आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायला लागला होतात, अहो. म्हटलं, खोटं तर खोटं, बोलतंय तर माणूस."

हे ऐकून मला रडू यायच्या बेतात होतं. पण ती रागातही होती. खाली उतरायला तिने दांड्यावरची पर्स ओढून काढली आणि थांबली. पर्सखालच्या त्या गोल मुठीवर आकडे होते.

"अहो, इथे दोनपण लिहिलंय. मग हा चारवर का?"

हरेशने मान आत घातली. दांड्याकडे बघितलं, हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावोजी, ह्यो चारवर कवाधरनं हाय?"

"पूजेपासून," मी म्हटलं. "लिंबांसाठी."

"लिंबांसाठी! वरसभर चारी चाकं जोरून डांबरावर फिरताव?"

"चारचे पैसे दिलेत ना," मी पुटपुटलो. "दोनवर कशाला चालवायची?"

हरेश आधी पंपाच्या खांबाला टेकला, मग खालीच बसला. हसता हसता त्याला ठसका लागला. पंपवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला. दांडा ढकलताच कट्‌ असा आवाज होऊन हिरवा दिवा विझला आणि परतीच्या वळणावर गाडी कण्हली नाही. नंतर पुन्हा टाकी भरून बघितली, तर तेरा भरले. खरे तेरा! पण आता मी तेरा म्हटलं की लोक मनातल्या मनात निम्मे करतात.

टेम्पो वाचला, पाटल्या वाचल्या. "इकत कशाला घेऊ? घरान हाय की," असं म्हणून हरेश रविवारी आमचीच गाडी किनाऱ्यावर नेतो. मी शेजारी बसतो. वाळू आली की दांडा ओढायचं काम माझं, आणि डांबर लागलं की तो परत ढकलायची आठवण मनीषा फोनवरून करते.

राहिल्या सासूबाई. माझा कबुलीजबाब चालू असताना त्यांना मागच्या सीटवर डुलकी लागली होती. त्यांच्या लेखी साठ खरे आणि नवस खरा. दर अमावास्येला त्या किटलीभर सोलकढी पाठवतात, "गाडीला घाला." भरल्या पंपावर बोललो, पण या म्हातारीला खरं सांगायची छाती अजून होत नाही. म्हणून मी पार्किंगमध्ये जातो, बॉनेटला टेकतो आणि सगळी किटली स्वतःच संपवतो. मग जिना चढायला लागतो. एका किटलीत गाडी साठ किलोमीटर जाते. मी दुसऱ्या मजल्यावर बंद पडतो.