डबा सरांचे दोन डबे

डबा सरांनी मला कधी शाब्बास म्हटलं नाही. आर्णीतल्या त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शिकलेल्या कुणालाच म्हटलं नसेल. उत्तर बरोबर आलं की मान वर न करता ते एवढंच म्हणत, "जाय." त्या एका शब्दासाठी आम्ही पोरीबाळी तासभर जीव मुठीत धरून बसायचो.

त्यांच्यापुढे पत्र्याचे दोन डबे असत. बिस्किटांचा डबा नामांचा, तुपाचा क्रियापदांचा. चिठ्ठ्या गावातल्या लग्नपत्रिका कापून केलेल्या. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत इंग्रजी शब्द, पुढे कुठे अर्धा गणपती, तर कुठे अर्धे बुद्ध. कुणी पत्रिका द्यायला आलं की सर आधी ती उलटी करून बघत. "मांगूनबी छापली? वाया घातली," असं यजमानाच्या तोंडावर म्हणत. पुढे मी माझ्या लग्नाची सोनेरी अक्षरांची पत्रिका घेऊन गेले, तर ती त्यांनी माझ्यासमोरच कात्रीने कापायला घेतली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

चिठ्ठी वाचायची आणि बरोबर डब्यात टाकायची, एवढाच खेळ. "हातात धरता येते, का करा लागते?" ही त्यांची कसोटी. डबे दोनच, म्हणून अंदाजाने टाकायला जावं, तर पुढचा प्रश्न तयार असे, "काहून?" त्या 'का'चं उत्तर मिळेपर्यंत वर्गातलं कुणीही घरी जायचं नाही. सर ओरडत नसत, मारत नसत. नुसते थांबत.

एकदा मला 'ऑनेस्टी' आली. प्रामाणिकपणा काही हातात धरता येईना, म्हणून मी चिठ्ठी तुपाच्या डब्यात टाकली. "असं? करून दाखव बरं," सर म्हणाले. मी उभी राहिले. घाम फुटला, आणि सगळा वर्ग माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "आंधी 'माझा' लावून पाह्य." माझा प्रामाणिकपणा. मी चिठ्ठी उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि कारण सांगितलं. "जाय." त्या दिवशी मी घरापर्यंत पळत गेले.

आता मी बाभुळगावजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या दिवाळीनंतर सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. सरांना लकवा मारला होता. उजवा हात गेला होता आणि बोलणं अर्धंच उरलं होतं. "दे म्हणतेत, आण म्हणतेत, पण काय देऊ अन् काय आणू? चादर देली तं फेकून देतेत," काकू सांगत होत्या. आयुष्यभर ज्या माणसाने शब्दांचे दोन डबे वेगळे ठेवले, त्यांच्या डोक्यातला नेमका एक डबा रिकामा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, जे यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच परत येईल, रोज बोलतं करा. मी दर रविवारी जाऊ लागले.

चौथ्या रविवारी मी फळीवरचे डबे काढले. क्रियापदं त्यांनी डाव्या हाताने भराभर टाकली. मग 'वॉटर' आली. ओठ हलले, शब्द नाही. मी भरलेला पेला समोर धरला. "दे," ते म्हणाले. मी पेला मागे घेतला.

"काहून छळून राह्यली त्याईले, सुजाता? दे ना वं पाणी," काकू रडकुंडीला आल्या.

"काय देऊ, सर? सांगेपर्यंत कुणी घरी जायचं नाही."

सरांनी डाव्या हाताने दोन्ही डबे उडवले. ओसरीभर चिठ्ठ्या झाल्या. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी मी तीच चिठ्ठी शोधून पुन्हा त्यांच्या हातात दिली. आणि थांबले, ते थांबायचे तशी.

"पा," ते म्हणाले. मग, "पाणी."

काकूंनी माझ्या हातातून पेला हिसकावला आणि स्वतः पाणी पाजलं. अर्धं सदऱ्यावर सांडलं. सरांनी चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकली.

तिथेच थांबायला हवं होतं, पण मला हाव सुटली. "आणि मी कोण, सर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला ती 'ऑनेस्टी' आठवली. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"जाय."

यवतमाळची बस सुटायची वेळ झाली होती. मी निघाले. शनिवारी पहाटे सर गेले.

माती झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. मुठीतून काढून एक चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. "तू गेली, अन् हे शोधून काढली त्याईनं. हप्ताभर हातातून सोडली नाही. मले काही वाचता येत नाही, पाह्य बरं काय हाय."

पत्रिकेचा तुकडा होता. छापलेली बाजू वर होती. सोनेरी अक्षरात एकच शब्द कात्रीतून वाचला होता, सुजाता.