मौकूफ नव्हे, निलंबित

माझ्या चुलत दिराला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सणावाराला आम्ही एकमेकांच्या घरी जातो, त्याच्या बायकोच्या हातची पुरणपोळी मी चवीनं खाते, म्हणून लोकांना वाटतं मिटलं. मिटलेलं काही नाही.

झरीच्या पुढे, जिंतूर रस्त्याला आमचं पॅकहाऊस आहे. आसपासच्या गावांतून हिरवी मिरची येते, ती निवडायची, खोक्यांत भरायची आणि परदेशी धाडायची. त्यासाठी निर्यातीची सरकारी मान्यता लागते. एका हंगामात आमच्या खोक्यात तिकडे अळी सापडली आणि मान्यता निलंबित झाली. म्हणजे थांबवली. जाळ्या बदला, दुहेरी दार बसवा, पुन्हा तपासणी करून घ्या, की चालू. मी शेतकऱ्यांना हेच सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली.

दिराचं पॅकहाऊस रस्त्याच्या पलीकडे. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता त्यानं एक शब्द सोडला. ‘‘वयनीचं मौकूफ झालं की.’’

निजामाच्या अमदानीपासून आमच्याकडे हा शब्द नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसाला लावतात. निलंबित माणसं आम्ही पुष्कळ पाहिलीत. चार महिने घरी बसतात आणि पुन्हा त्याच खुर्चीत दिसतात. मौकूफ झालेला मात्र परत येत नाही. दिराला फरक ठाऊक नव्हता असं मला कुणी सांगू नये. आठवडा झाला नाही तोच माझ्या शेतकऱ्यांचे क्रेट रस्ता ओलांडून गेले, आणि नियमही असा होता की ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं.

शेवटी गेले ते चारठाण्याचे मामा. नात्याचे नव्हेत, वयानं मोठे म्हणून मी मामा म्हणायची. पॅकहाऊस सुरू झालं तेव्हा पहिला क्रेट त्यांनीच आणला होता. दारात उभे राहून म्हणाले, ‘‘ताई, मिरची झाडावर थांबत न्हाई. म्या तिकडं द्यायलोय.’’ मी ‘द्या’ म्हणाले. आत येऊन इतकी रडले की ओढणी भिजली, आणि रडून झाल्यावर ठरवलं की याची परतफेड करायची.

संधी कायद्यानं आणून दिली. निर्यातीचे नियम बदलणार होते आणि परभणीला सगळ्या पॅकहाऊसवाल्यांना बोलावलं होतं. आमची फेरतपासणी अजून व्हायची होती. नवे नियम कडक, त्यात आमचं जुनं प्रकरण ओढलं गेलं तर खरोखरच मौकूफ झाल्यासारखं होतं. दीर माझ्या पुढच्या रांगेत बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. खात्याच्या साहेबांनी मधल्या काळाचं कलम वाचलं. नोटीस ज्या दिवशी निघाली तो दिवस धरायचा. नोटीस नवे नियम लागू व्हायच्या आधीची असेल तर प्रकरण जुन्या नियमानं संपेल, नंतरची असेल तर नव्या. नव्या नियमात निलंबन म्हणजे अख्खा हंगाम गेला, वर मान्यतेसाठी पहिल्यापासून अर्ज.

मी सुटले होते. आणि दुसऱ्याच क्षणी मला दिराची मान दिसली, कॉलरच्या वरची, गुबगुबीत.

कारण त्याचं एक गुपित मला माहीत होतं. नोंदणी झालेल्या शेतातलीच मिरची परदेशी पाठवायची असते. हा मोंढ्यातून, म्हणजे गावच्या घाऊक बाजारातून, कुणाचीही पोती उचलायचा, मागच्या दारानं आत घ्यायचा आणि नोंदणीच्या शेतकऱ्यांच्या मिरचीत मिसळायचा. पोती उतरताना मी गच्चीवरून बघितली होती.

नवरा म्हणाला, ‘‘तक्रार करायची तर आताच कर, न्हाईतर सोडून दे.’’

‘‘आता केली तर जुन्या नियमानं चार दिसांत मोकळा होतोय त्यो. थांबा जरा.’’

मी थांबले. रोज सकाळी दीर रस्त्यापलीकडून ‘‘काय वयनी, बरं हाय का?’’ विचारायचा आणि मी हसून ‘‘लय बरं हाय’’ म्हणायची. इतकं गोड मी लग्नातही बोलले नसेन. आमची फेरतपासणी झाली, जुन्या नियमानं मान्यता परत मिळाली. नवे नियम लागू झाले आणि मगच मी तक्रार दिली, स्वतःच्या सहीनं. तपासणीवाले आले तेव्हा मागच्या खोलीत मोंढ्याची पोती तशीच पडली होती. नोटीस निघाली, मान्यता थांबली. मी फाट्यावरच्या हॉटेलात गेले, जिथं बायका सहसा बसत नाहीत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘भाऊजींचं मौकूफ झालं न्हाई बरं का, निलंबित झालंय. शब्द नीट वापरावा माणसानं.’’ कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या दिराला मिरच्या झोंबल्या ते बघून मला जे सुख झालं, ते आजही आठवलं की होतं.

दोन दिवसांनी मामा टेम्पो घेऊन दारात आले. क्रेट भरलेले, मिरची हिरवीगार, देठ ताजे.

‘‘घ्या ताई. चुकलो आमी. परत आलो.’’

‘‘घेता येत नाही, मामा.’’

नव्या नियमात आणखी एक गोष्ट होती. पॅकहाऊस निलंबित झालं की त्याला जोडलेली शेतंही चौकशी संपेपर्यंत अडकतात. पूर्वीसारखं रस्ता ओलांडून दुसरीकडे जाता येत नाही. मी ते त्यांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘हे तुमाला आधी ठाव होतं?’’

खोटं बोलता आलं असतं. पण सोडून गेलेल्यांनाही झळ कळावी, असं मला तेव्हा वाटलं होतं. परभणीला साहेब हे शेतं अडकायचं कलम वाचत होते त्याच घडीला वाटलं होतं.

‘‘होतं,’’ मी म्हणाले.

मामांनी टेम्पोची फळी वर करून कडी लावली. ‘‘बरं झालं सांगितलं,’’ ते म्हणाले. ‘‘म्या वाटभर ह्या ड्रायव्हरला सांगत आलो, ताईचं भांडण तिच्या दिराशी हाय, आमच्याशी न्हाई म्हणून.’’

टेम्पो मोंढ्याकडे वळला. हंगाम गेला, चौकशी संपली, नव्यानं अर्ज करून दिराला मान्यता मिळाली, बरेच शेतकरी माझ्याकडे आले, काही त्याच्याकडे गेले. मामांनी मिरची पुन्हा लावलीच नाही.