रंग कुणाचे

सोनपेठजवळच्या एका खेड्यात मी शाळेवर आहे. शाळा सुटली की स्कूटी गोदावरीकडे वळवायची आणि उजेड संपेपर्यंत आभाळाचे फोटो काढायचे, हा माझा सात-आठ वर्षांचा नाद. सूर्य बुडाला की काठावर आलेले लोक कपडे झटकून निघून जातात. खरं आभाळ त्यानंतर रंगतं. आधी केशरी, मग डाळिंबी, शेवटी वांग्याच्या सालीसारखं. तेवढी पंधरा-वीस मिनिटं माझी.

तिथं मासे धरणारे एक मामा असतात. पात्रात, काठापासून बरंच आत, एक सपाट खडक आहे. पाणी उतरलं की गुडघाभर पाण्यातून तिथं जाता येतं. वाट त्यांनीच दाखवली. "पाय घासत चला बाई, शेवाळ लय हाय," म्हणाले. त्या खडकावरून मी एका आश्विनात तो फोटो काढला. मधोमध नदी, डावीकडे एक काठ, उजवीकडे दुसरा, आणि वरचं सगळं आभाळ पाण्यात उतरलेलं.

परभणीच्या आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकण्याआधी मी तो फक्त सरांना पाठवला. ग्रुप चालवणारे सर निवृत्त प्राध्यापक. त्यांचा लगेच फोन आला. "बरा आहे. मूळ फाईल पाठवा, जरा सुधारून देतो." मी पाठवली. वर आभारही मानले.

जानेवारीत हेडमास्तरांच्या खोलीत नवं कॅलेंडर लागलं, बियाण्याच्या एका दुकानाचं. वर माझी नदी, खाली सरांचं नाव. हेडमास्तर म्हणाले, "बघा मॅडम, तुम्हीपण काढता, पण याला म्हणायचं फोटो."

मी व्हरांड्यात येऊन सरांना फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. "अहो, मूळ फोटोत होतं काय? रंग मी आणले त्यात. तुमच्या त्या खेड्यात असलं आभाळ असतं का?"

फोटो नेला ते मी एक वेळ गिळलं असतं. हे नाही गिळता आलं. रोज हजेरीची सही करताना ते कॅलेंडर समोर असायचं. ग्रुपवर मी चकार शब्द काढला नाही. सरांच्या फोटोंना न चुकता 'सुंदर' लिहीत राहिले. नवरा म्हणायचा, "सोडून दे." मी भाकरी थापत ऐकून घ्यायचे.

पुढच्या आश्विनात मीच ग्रुपवर लिहिलं, 'सरांनी कॅलेंडरचा फोटो काढला ती जागा आमच्याकडंच आहे. सरांनी येऊन शिकवावं.' लोकांनी आग्रह धरला. सरांना नाही म्हणता येईना. मामांना मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं, "उद्या सांजच्याला थांबा. कुणी विचारलं तर खरं तेवढं सांगा."

पंधराजण आले. सरांनी काठावर, बाभळींच्या पुढं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. "इथूनच काढला होता," म्हणाले. गुरांच्या दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई मोबाईलवर कॅलेंडरचा फोटो उघडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, यात दोन्ही काठ दिसायलेत. इथून तर एकच दिसतो."

सर म्हणाले, "लेन्सचा फरक असतो."

जाळं गोळा करणारे मामा तिथूनच बोलले, "तसा फोटू त्या खडकावरून येतो. ह्या बाई रोज तिथंच उभ्या असत्यात. ह्या सायबांना मी आजच बघायलोय."

मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. सूर्य गेला होता. खडकावर पोहोचले तोवर आभाळ डाळिंबी झालं होतं. मागं वळून मी मोठ्यानं म्हटलं, "सर, या की. रंग आणा."

ते आले नाहीत. डॉक्टरीणबाई मात्र आल्या, पाठोपाठ आणखी सात-आठजण. काठावर सर तिकाटण्याचे पाय मिटत होते. एक पाय अडकला होता, मिटत नव्हता. मदतीला कुणी गेलं नाही. मी कॅमेरा बंद ठेवून तेच बघत राहिले. त्या दिवशी आभाळाचा एकही फोटो मी काढला नाही.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "चार माणसांत शोभा केली तुम्ही माझी. आधी एकटं बोलायचं होतं."

"बोलले होते की, सर. जानेवारीत."

त्यांनी ग्रुप सोडला. मग कळलं की घराबाहेरही फारसे पडत नाहीत, कॅमेरा कपाटात टाकलाय. नवरा म्हणाला, "म्हातारा माणूस आहे. एकदा जाऊन भेटून ये."

आपल्याला कधीतरी वाईट वाटेल, मग जाऊ, असं मी ठरवलं. वर्ष होत आलं. अजून वाटलेलं नाही.