सरांनी लिहिलेलं आबांचं वाक्य

शाळेच्या भिंतीवर आपलं नाव पाहून कुणीही सुखावलं असतं. गिरधर आबांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तांबड्या, अजून ओल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आमच्या विमानांनी समुद्र पेटवला, शत्रूची राख केली!’ आणि खाली, ‘गिरधर पुना महाजन, नौसैनिक, १९७१’.

आबांनी जन्मात असं वाक्य उच्चारलं नव्हतं. अठराव्या वर्षी धरणगावची कपाशी सोडून ते नौदलात गेले आणि एकाहत्तरच्या लढाईत विमानवाहू जहाजाच्या डेकवर होते. काम काय, तर विमानाच्या चाकांना ठोकळे लावायचे, काढायचे आणि फिरत्या पंख्यापासून स्वतःचं डोकं वाचवायचं. विमानं गेली की परत येईपर्यंत आभाळाकडे बघत उभं राहायचं. पुढे गावात येऊन त्यांनी पिठाची गिरणी चालवली, पण लढाईची बढाई कधी मारली नाही.

"काय लिखेल शे हाई?" त्यांनी मुख्याध्यापक योगराज सरांना विचारलं.

"युद्धातले संस्मरणीय उद्गार, आबा! मुलांना स्फूर्ती मिळते."

"माले इचारेल शे का?"

"बरं, मग तुम्ही काय म्हणाला होतात?"

आबांनी सांगितलं. विमानं उतरू लागली की ते ओरडायचे, "बठ्ठा उनात का?" सगळे आले का? सोबतचे मल्याळी, पंजाबी आधी हसले. चार दिवसांत तेही तेच ओरडायला लागले.

सर हसले. "अहिराणी भिंतीवर बरी दिसत नाही हो. आणि यात पराक्रम कुठंय?"

आबांनी सरांकडे रोखून पाहिलं. ज्या बोलीत या माणसाची आई याला जेवायला हाक मारते, ती भिंतीला चालत नाही! माणसं जिवंत परत आली, त्याची किंमत शून्य! आणि राख म्हणे. जिथं बाँब पडले तिथंही कुणाची तरी लेकरं होती, एवढं डेकवर ठोकळे ओढणाऱ्यालाही कळत होतं. त्यावर आबा कधी नाचले नव्हते.

रंगारी नूर महंमद शिडीवर ताटकळला होता.

"नूरभाई, वाक्य ऱ्हाऊ द्या. मन्हं नाव पुसा नि सरनं लिखा."

नूर महंमदने ब्रश बुडवला.

"अहो, माझं कशाला?" सर शिडीकडे धावले. "मी असं कधी म्हणालो?"

"मी बी नही म्हनेल!" आबा कडाडले.